एस्तेरबाईंची पाठशिवणी

एस्तेरबाई आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा आम्ही स्वतःच्या घराची पुढची खोली सोडून मागच्या गोठ्यात राहायला गेलो होतो. बैलजोडी आधीच गेली होती, त्यामुळे गोठा रिकामाच होता. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, भूगावला एका इमारतीच्या परांचीवरून पडले आणि त्यांचा उजवा पाय कायमचा आखडला. आई सकाळी लोकांच्या भातखाचरात आणि दुपारी शनिवार-रविवारवाल्यांच्या बंगल्यात फरशी पुसायला जायची. चांगली खोली भाड्याने द्यायची आणि आपण गोठ्यात झोपायचं, ही कल्पना तिचीच. दादा म्हणाले, "गुरं हितं सुखात ऱ्हायली, आपण बी ऱ्हाऊ." कुणी हसलं नाही.

मी बारावी झाले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं तोवर कुणी गेलेलं नव्हतं, आणि मीही आता पुढं जाणार नाही हे न बोलता ठरल्यासारखं होतं. एका बंगल्यावर माझ्यासाठी काम बघून ठेवलं होतं.

अशात एक दिवस आमच्या मुठा गावच्या फाट्यावरून टेम्पो आला. त्यात एक खाट, दोन ट्रंका, पुस्तकांची पोती आणि साठीपुढच्या, ठेंगण्या, गुडघ्यापासून जरा वाकलेल्या एक बाई. बाकी सगळं त्यांनी टेम्पोवाल्याला उचलू दिलं. एक काळी पेटी मात्र स्वतःच पोटाशी धरून उतरल्या.

दादांनी खाटेवरूनच विचारलं, "त्यात काय हाय?"

"व्हायोला."

"म्हंजी?"

"व्हायोलिनची थोरली बहीण. लग्न न झालेली. माझ्यासारखी."

आईला बाईंचं नाव काही उच्चारता येईना. ती 'इस्तरबाई' म्हणायची आणि आळीतल्या पोरांनी त्याचं 'इस्त्रीबाई' केलं. एकदा तर एका घरून खरोखरच तीन शर्ट आले. बाईंनी ते इस्त्री केले, घड्या घातल्या आणि परत पाठवून दिले. आई ओशाळली. बाई म्हणाल्या, "आले होते म्हणून केले. आपल्याकडे आलेलं वाजवायचं, कुणी पाठवलं ते बघायचं नाही." पहिल्यांदा ऐकताना हे वाक्य मला गमतीचं वाटलं. पुढं कळलं की बाईंचं सगळं शिक्षणच त्यात होतं.

त्यांचं चरित्र मला फारसं माहीत नाही. त्या नगरकडच्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. चर्चमध्ये चार आवाजांत गाणी म्हणायचे, त्यात लहानपणापासून यांच्या वाट्याला मधला आवाज आला. पुढं पुण्यात शाळेत संगीत शिकवलं आणि तीन जणांबरोबर चार तंतुवाद्यांची बैठक केली: दोन व्हायोलिन, मध्ये यांचा व्हायोला, खाली खर्जाचा चेलो. ती बैठक मोडली. का मोडली, ते पुढं येईल.

रोज सकाळी सात वाजता बाई ओट्यावर चहाचा कप घेऊन बसत आणि मी समोरून गेले की म्हणत, "डोळे मीट. चार सांग."

म्हणजे त्या घडीला कानावर येणारे चार आवाज सांगायचे. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "कोंबडा. मोटारसायकल. आई भांडी घासतीय." आणि अडले.

"चौथा?"

"न्हाई येत."

"दादांचा श्वास. घराच्या आत आहे म्हणून ऐकला नाहीस." मग म्हणाल्या, "आता चारही एकदम ऐक. एकामागून एक नाही. एकदम."

मला ते जमायला सात-आठ महिने लागले. मग एका सकाळी जमलं. सगळं गाव एकाच वेळी कानात आल्यासारखं झालं, आणि तरी कोंबडा वेगळा, बस वेगळी, आईच्या बांगड्या वेगळ्या. मी ते बाईंना सांगितलं तर त्यांनी फक्त कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हां. आता तुला थोरले ऐकवायला हरकत नाही."

थोरले म्हणजे कोण, तर तीनशे वर्षांपूर्वीचे एक जर्मन ऑर्गनवाले. बाई कुठल्याच संगीतकाराचं नाव घेत नसत. थोरले, आणि त्यांच्या मागून आलेले पापा, धाकटे आणि बहिरे. एवढ्या चौघांतच त्यांचं सगळं जग होतं. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई, बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, तसंच का हे?"

"तसंच समजा पारूबाई. नाव घेतलं की माणसाचा पुतळा होतो. मग त्याच्याशी भांडता येत नाही."

आणि त्या खरंच भांडायच्या. ट्रंकेतून कॅसेटचा जुना टेपरेकॉर्डर काढून लावायच्या आणि मध्येच बोटाने बंद करून म्हणायच्या, "पापा, इथं घाबरलात."

त्यांनी मला सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगते, कारण त्यांनीही ते माझ्याच भाषेत सांगितलं होतं. थोरल्यांचं खरं काम म्हणजे पाठशिवणी. एक आवाज एकटाच एक सूर घेऊन निघतो. तो थोडा पुढं गेला की दुसरा तोच सूर घेऊन मागं लागतो. मग तिसरा. मग चौथा. आपल्या पाठशिवणीच्या खेळात राज्य एकावर असतं, बाकीचे पळतात. इथं पळणाराही तोच सूर आणि शिवायला येणाराही तोच. मागचा आला म्हणून पुढचा गप्प बसत नाही, तो दुसरं काही बोलू लागतो. चौघे एकाच वेळी बोलतात आणि चौघांचंही ऐकू येतं.

"आमच्या घरी चौघं एकदम बोलली तर भांडण होतं," मी म्हणाले.

"कारण तुम्ही बोलताना ऐकत नाही. थोरल्यांचे चौघे बोलता बोलता ऐकतात."

थोरले गेले आणि लोकांना ते सगळं जुनाट वाटायला लागलं. नवी तऱ्हा निघाली. वर एकाने गोड सूर म्हणायचा, बाकीच्यांनी खालून माना डोलवायच्या. पापांनी चार तंतुवाद्यांची बैठक घडवली (अशा चौघांसाठी लिहिलेल्या रचनेलाही बाई बैठकच म्हणत) तेव्हा सुरुवातीला तीही बरीचशी तशीच होती, वरचं व्हायोलिन मालक आणि खालचे तिघे गडी. मग पापांनी एकदा काही बैठकींच्या शेवटाला थोरल्यांच्या रीतीची पाठशिवणी घातली आणि चौघांनाही पळायला लावलं. बाई म्हणायच्या, "त्या दिवशी गडी घरातली माणसं झाली. माझ्या व्हायोलाला त्या दिवशी तोंड फुटलं." धाकट्यांना एका शौकिनाच्या घरी थोरल्यांचे जुने कागद बघायला मिळाले. त्यांनी त्या पाठशिवण्या तंतुवाद्यांसाठी स्वतः उतरवून घेतल्या आणि त्यानंतर त्यांचं लिहिणंच बदललं. आणि बहिरे तर पोरवयापासून थोरल्यांचं वाजवत मोठे झालेले. कान गेल्यावर, अगदी शेवटी शेवटी, त्यांनी एक बैठक पाठशिवणीनेच सुरू केली. सावकाश. एक व्हायोलिन एकटं. मग दुसरं. मग व्हायोला. मग चेलो.

ती त्यांनी मला ऐकवली तेव्हा पावणेअकराची बस माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली आणि मला उठता आलं नाही. ज्याला काहीच ऐकू येत नव्हतं त्याने चौघांचं एकदम ऐकलं होतं, आणि आम्ही चांगल्या कानाची माणसं दादांचा श्वाससुद्धा ऐकत नव्हतो.

बस म्हणजे कॉलेजची बस. कॉलेजही बाईंमुळेच. बंगल्यावरच्या कामाचं ठरायची वेळ आली तेव्हा त्या आईला म्हणाल्या, "मंगलला कोथरूडला कॉलेजात घाला." आणि मला म्हणाल्या, "सकाळी माझे सुरांचे कागद उतरवून दे, मग जा."

आई म्हणाली, "ती गेल्यावर हितं मागं कोण?"

"मी आहे की मागं," बाई म्हणाल्या. आणि खरंच, मी कॉलेजात असताना दादांना दुपारचं जेवण त्यांनीच वाढलं. इथं होत्या तोवर, एकही दिवस न चुकता.

आता बैठक का मोडली ते. पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्याला बाई 'पहिले' एवढंच म्हणायच्या. हात सोन्यासारखा, पण ते स्वतःशिवाय कुणाचं ऐकत नसत. एका कार्यक्रमात बाईंना राहवलं नाही. त्यांनी गज तारेवरून उचलला आणि आठ ओळी नुसत्या बसून राहिल्या. मधला आवाज गेला की काय होतं ते तरी यांना कळू दे, म्हणून.

"मग?"

"मग काय. टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या. पहिल्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी पेटी बंद केली ती केली."

त्याला वीस वर्षं झाली होती. बाईंना बाकी काही नको होतं. मरायच्या आत एकदा, फक्त एकदा, चौघांनी एकमेकांचं ऐकत एक पाठशिवणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावी, एवढंच. आणि वेळ थोडा होता. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी बधिर होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते की हळूहळू बाकीची बोटंही जातील. त्या सकाळी कपाच्या कडेवर करंगळी आपटून बघत. "आज आहे," म्हणत. किंवा काहीच म्हणत नसत.

माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या आधीच्या भातलावणीत ते घडलं.

आमच्याकडे भात लावताना बायका दोन रांगा करतात. वरची रांग गाण्याची ओळ म्हणते, ती संपली की खालची रांग तीच ओळ उचलते. प्रत्येकीची आपापली पात असते, म्हणजे लावायचा पट्टा. एखादीची कंबर धरली, ती उभी राहिली, तर शेजारची न विचारता तिची पात उचलते. रांग तुटू द्यायची नाही, एवढा एकच कायदा.

आई पूर्वी वरच्या रांगेत पहिला आवाज द्यायची. दादा पडल्यापासून ती खालच्या रांगेत गेली, आणि तिला एक खोड लागली. वरची ओळ संपायच्या आतच ती सुरू करायची. बारा वाजता बंगल्यावर पोचायचं असायचं, त्यामुळे तिचे हात पुढं आणि हातांबरोबर गाणंही पुढं. वरच्या बायका म्हणत होत्या,

"जुडी आली गं बांधावरनं, हात दे गं हाताला..."

त्या 'बांधावरनं'ला पोचल्या नाहीत तोच आईने खालून "जुडी आली गं" उचललं.

"पारे, जरा दम धर की," वरून कुणीतरी ओरडलं. "तुझी सासू मागं लागलीय का?"

"सासू न्हाई, बारा वाजत्यात मागं," आई म्हणाली आणि पुन्हा तसंच केलं.

मी बांधावर आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या देत होते. बाई माझ्यामागे छत्री घेऊन आल्या होत्या, दादांच्या गोळ्यांविषयी काही विचारायला. मी वळून पाहिलं तर छत्री खाली आणि बाई पावसात उभ्या. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. आई चौथ्यांदा लवकर शिरली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. त्या म्हाताऱ्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"हिला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई बाई. चुकतीय ती. सगळ्या वरडत्यात तिला."

"चुकत नाही. सूर पुरा व्हायच्या आत दुसऱ्याने शिरायचं आणि तरी दोन्ही जुळले पाहिजेत. थोरल्यांनी जन्मभर हेच जुळवलं. पाठशिवणी शेवटाला आली की आवाज असेच एकमेकांच्या अंगावर येतात." मग म्हणाल्या, "आणि ही कमरेत वाकून, चिखलात, बारा वाजायच्या भीतीने जुळवतेय."

संध्याकाळी त्यांनी आईला समोर बसवून ती ओळ दहा वेळा म्हणायला लावली. आई लाजून मेली. "चूक काय पुन्हा पुन्हा म्हणाय लावता बाई?" पण म्हणाली. बाईंनी ती तिच्याच पट्टीत, तिच्याच घाईसकट कागदावर उतरवली आणि तिच्यावर चार वाद्यांची पाठशिवणी लिहायला घेतली. ते काम वर्षभर चाललं. बाई मोठ्या कागदावर चारही आवाज एकाखाली एक लिहायच्या आणि मी त्यातून प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद उतरवायचे. आईची ओळ एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाताना मला दिसायची, कधी उलटी होऊन, कधी दुप्पट सावकाश. तरी ती आईच होती.

लिहून झालं. वाजवायला चौघे हवेत. करंगळी आता आठवड्यातून तीनच दिवस "आज आहे" असायची.

बाईंनी दादांचा फोन मागितला. आपलं नाव दिसलं तर पहिले फोन उचलणार नाहीत, म्हणाल्या. ओट्यावर बसून त्यांनी नंबर लावला. मी उंबऱ्याशी होते आणि स्पीकर चालू राहिलाय हे बाईंच्या लक्षात आलं नव्हतं.

"मी एस्तेर. एक वाजवायचं आहे. मुठ्याला यावं लागेल. आणि सुरुवात तुम्ही करायची नाही."

पलीकडून एक म्हातारा आवाज आला. "मग कोण करणार?"

"मी. मग दुसरं व्हायोलिन, मग चेलो. तुम्ही सगळ्यांत शेवटी."

तो आवाज म्हणाला, "त्या दिवशी आठ ओळी का थांबलीस, एस्तेर?"

म्हणजे पहिल्यांना तेव्हा ऐकू आलं होतं. वीस वर्षं ते पहिल्यांच्या कानात होतं आणि बाई वीस वर्षं म्हणत होत्या की कुणाला कळलंच नाही. बाईंनी फोन मांडीवर ठेवला. पलीकडून "हॅलो, हॅलो" येत राहिलं. शेवटी मीच फोन घेतला आणि फाट्यावरून कुठं वळायचं ते सांगितलं.

दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर, एका रविवारी सकाळी जुन्या बैठकीतले ते तिघे मोटारीतून आले. चेलो उतरवताना पोरं गोळा झाली. "नांगर हाय का ह्यो?" एकाने विचारलं. पहिले उंच, पांढरे, हातात काठी घेतलेले. बाईंनी त्यांना नमस्कार केला नाही, त्यांनीही केला नाही. दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं.

शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. लावणीच्या दोन्ही रांगा आल्या होत्या, वरची आणि खालची. आई पुढं बसायला तयार नव्हती, मी तिला ओढून बसवलं. दादांना खुर्ची दिली.

व्हायोला एकटा निघाला. आईची ओळ, आईच्या पट्टीत. पाठीमागे एक बाई म्हणाली, "पारे, ही तुझी जुडी." मग दुसरं व्हायोलिन मागं लागलं. मग चेलो. मग पहिले शिरले, इतके अलगद की ते कधी आले ते समजलंच नाही. त्यांची नजर कागदावर नव्हती. ती बाईंच्या गजावर होती.

शेवटाकडे आवाज जवळ जवळ यायला लागले. एकाचं संपायच्या आत दुसरा, त्याचं संपायच्या आत तिसरा. तिथं व्हायोलाची शेवटची उचल होती. मला कागद पाठ होता. मी बाईंच्या करंगळीकडे बघत होते आणि ती तारेवर उतरली नाही. गज फिरला, पण सूर नुसता खरखरला आणि गेला.

मधली जागा रिकामी झाली. या वेळी ती सगळ्यांना ऐकू आली.

आणि माझ्या शेजारून आईने ओळ उचलली. ती उभी राहिली नाही, तिने मान वर केली नाही, पदर बोटाला गुंडाळत होती तो तसाच. शेजारणीची कंबर धरल्यावर जशी पात उचलतात तशी उचलली. "जुडी आली गं बांधावरनं..." बरोबर व्हायोलाच्या जागी, म्हणजे लोकांच्या भाषेत लवकर. पहिल्यांनी गज एवढा हलका केला की तार वाजते की नाही असं वाटावं, आणि आईच्या आवाजाखाली जाऊन थांबले. बाकीचे दोघेही खाली आले. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, गज मांडीवर. ओळ संपली, वाद्यं संपली.

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. "झाली का पात?" वरच्या रांगेतल्या एकीने विचारलं, तेव्हा लोकांना कळलं की झाली.

बाई आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. "घाई केलीत पारूबाई."

"तुमी थांबला म्हून," आई म्हणाली.

बाईंनी पेन्सिल मागितली. मोठ्या कागदावर त्या जागेचा व्हायोलाचा सूर खोडला आणि वर लिहिलं, 'इथे पारूबाईंचा आवाज'.

त्यानंतर करंगळी परत आली नाही. पुढच्या महिन्यात उपचारासाठी बाई पुण्याला भाचीकडे गेल्या. न्यायला पहिलेच मोटार घेऊन आले होते, बरोबर बैठकीतले बाकीचे दोघेही. मी मागचं दार उघडून धरलं. खिडकीची जागा रिकामी होती, पण बाईंनी एकाला सरकवून ती त्याला दिली आणि दोघांच्या मध्ये जाऊन बसल्या, पेटी मांडीवर घेऊन. "मधली जागा माझी," म्हणाल्या. मोटार फाट्याकडे वळेपर्यंत मागच्या काचेतून त्यांचं डोकं दोन उंच डोक्यांच्या मध्ये, जरा खाली, दिसत राहिलं.

मी पुढच्या उन्हाळ्यात बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. आम्ही पुढच्या खोलीत परत राहायला आलो. बाईंना आयुष्यात एकदा हवी होती ती पाठशिवणी मुठ्याच्या शाळेत पहिल्यापासून शेवटपर्यंत झाली. चौघांनी वाजवली आणि माझ्या आईने गायली.